डाग कधीचा

एप्रिलमधल्या एका रविवारी मी चिकन धूत होतो. आमच्याकडे हे काम माझंच. आई माळकरी होती, बायकोच्या माहेरी चार पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नाही, त्यामुळे लग्नानंतर जो तह झाला त्यात कलमं सरळ होती: खायचं तर स्वतः आणायचं, स्वतः धुवायचं, मागच्या गॅलरीत वेगळ्या शेगडीवर स्वतःच शिजवायचं आणि ते पातेलं घरातल्या भांड्यांत येऊ द्यायचं नाही. तेवीस वर्षं हा तह टिकलाय. तर तिसऱ्या पाण्यात एका तंगडीवर, मांडीच्या वरच्या सांध्यापाशी, मला डाग दिसला. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. मधे जांभळा, कडेनं हिरवट. अंगठ्यानं चोळला, गेला नाही. मीठ लावून चोळला, तरी तसाच. मग लक्षात आलं की तो वर लागलेला नव्हता, आतूनच आलेला होता.

दुसऱ्या कुणी तो तुकडा काढून टाकला असता आणि विषय संपला असता. माझी अडचण अशी, की डाग हा माझा धंदा आहे. सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी चेकिंगला आहे. ट्यूबलाइटखाली टॉवेल पसरायचा, आधी उलट, मग सुलट, चारी कडा बोटांनी चाचपायच्या आणि पुढं सारायचा. दिवसाला शेकडो. डाग दिसला की तो बाजूला टाकणं एवढंच काम नसतं, तो कुठून आला हे सांगणंही असतं. काळपट आणि कापसाची फूस धरून बसलेला असेल तर मागावरचा. कडेला, टाक्यांच्या रांगेत, बारीक थेंबासारखा असेल तर शिलाई मशीनचा. तांबूस असेल तर ओला माल कुठंतरी लोखंडाला टेकलेला असणार. कधी कधी तर कोणत्या पाळीचा हेसुद्धा सांगता येतं, कारण रात्रपाळीतल्या एकाला तेलाचा डबा जरा सढळ हातानं ओतायची सवय आहे. नाव सांगत नाही, त्याचं पोट आहे.

हा डाग मात्र वाचता येईना.

तेवढा भाग कापून मांजराला टाकला आणि बाकीचं शिजवलं. रस्सा चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू. पण दुपारी आडवा झालो तरी डोक्यात तोच रंग. हिरवा का?

मी चिकन घेतो ते अशोक चौकाकडून आत वळल्यावर एका चाचांच्या दुकानात. पत्र्याचं शेड, पुढं लोखंडी पिंजरा, मागं लाकडाचा ओंडका आणि शेजारी निळा प्लॅस्टिकचा पिंप. चाचा माझ्याशी मराठीत बोलतात, पद्मशाली गिऱ्हाइकांशी तेलुगूत, होटगीकडून येणाऱ्यांशी कानडीत, आणि पोराला शिव्या दख्खनीत देतात. सुरी फिरवायची वेळ आली की मी मान फिरवतो. दुकानाच्या डाव्या हाताला मारुतीचं छोटं देऊळ आहे, तिथल्या पताकेकडं बघत उभा राहतो. पिंपातली धडधड थांबली की वळतो. इतकी वर्षं मी असंच करत आलोय आणि मनातल्या मनात त्याला दया वगैरे काहीतरी समजत आलोय. भित्रेपणा म्हणा हवं तर. पण जे काही वाईट घडतं ते त्या दहा-पंधरा सेकंदांत घडतं, आणि तेवढं आपल्याला बघवत नाही, असा माझा हिशेब होता.

बुधवारी जाऊन चाचांना डागाचं सांगितलं. त्यांना वाटलं मी पैसे परत मागायला आलोय. तसं नाही म्हटल्यावर हात पुसत म्हणाले, "मालक, सुरीनं डाग पडत नाही. जीव गेला की अंगात डाग पडायचं बंद. तुम्ही दाखवताय तो आधीचा."

"किती आधीचा?"

"ते मला काय माहीत? माझ्याकडं येतो तोवर माल झाकलेला असतो." म्हणजे पिसांनी.

हा शब्द मला एकदम ओळखीचा वाटला. आमच्याकडेही धुलाईला जाईपर्यंत माल झाकलेलाच असतो. कच्च्या कापडाच्या मळकट रंगात अर्धे डाग दिसत नाहीत.

आमच्या सोसायटीत जनावरांचे एक निवृत्त डॉक्टर राहतात. संध्याकाळी कट्ट्यावर बसलेले असतात, त्यांना विचारलं. त्यांना बहुतेक फार दिवसांनी कुणी असं काही विचारलं असावं, कारण ते सावरून बसले. म्हणाले, मुका मार लागला की आतल्या आत रक्त सांडतं आणि शरीर ते हळूहळू मोडून काढतं. मोडताना त्याचा रंग बदलत जातो. माणसाचा मार शेवटी पिवळा पडतो. कोंबडीच्या अंगात रक्त मोडताना हिरवं रंगद्रव्य जास्त साठतं, म्हणून तिचा मार हिरवा दिसतो. पहिल्या काही मिनिटांत लाल, सहा-बारा तासांत गडद जांभळा, दुसऱ्या दिवशी कडेनं हिरवट, त्यानंतर पिवळ्याकडं झुकलेला. "कत्तलखान्यात मोठ्या प्रमाणावर काम चालतं तिथं हेच बघून ठरवतात, मार शेडवर लागला, गाडीत लागला की टांगताना लागला," ते म्हणाले. "तुझ्या कारखान्यासारखंच." मी म्हटलं, "जांभळा, कडेला हिरवट." त्यांनी बोटांवर मोजल्यासारखं केलं. "रविवारी सकाळी कापली ना? मग दीडेक दिवस मागं जा."

शुक्रवारची रात्र.

म्हणजे मधे एक अख्खा शनिवार होता. आमच्याकडे शनिवार मारुतीचा. त्या दिवशी मीसुद्धा खात नाही, अंडंही नाही. वांग्याची भाजी, कडक भाकरी, शेंगाची चटणी, ताक. त्या शनिवारी मी चाचांच्या शेजारच्याच देवळात तेल घालायला गेलो होतो हे मला नंतर आठवलं. पिंजरा पाच हातांवर होता.

कोंबडी धरण्याबद्दल मला जे माहीत आहे ते आजीकडून. मंगळवेढ्याकडं आमचं गाव, काळी जमीन, ज्वारी. आखाडात मरीआईला कोंबडा बोललेला असायचा. आजीचा नियम होता, कोंबडा दिवसा धरायचा नाही. दिवसा धरायला गेलं की तो उकिरड्यावरून भिंतीवर, भिंतीवरून पत्र्यावर, आणि मागं आम्ही चार पोरं. शेवटी सापडतो तेव्हा त्याची चोच उघडी आणि आमची ढोपरं फुटलेली. आजी रात्री जायची, कंदील न घेता. खुराड्यात हात घालून एक तळवा छातीखाली, दुसऱ्यानं पंख दाबून अलगद उचलायची, काखेत धरायची आणि त्याच्या डोक्यावरून पदर घ्यायची. कोंबडा एकदाच कुर्र करायचा. मग डालग्याखाली ठेवायची, जवळ पाण्याचं परळ, पण दाणा नाही. "रातीला प्वाट रिकामं पायजे, न्हायतर साफ करताना घाण हुती." सकाळी तो तसाच काखेतून देवीपर्यंत. दोन मैल.

आता वाचतो तर अंधारात किंवा मंद निळ्या उजेडात पक्षी पकडावेत, पंख अंगाशी धरून सरळ उचलावेत, कापण्याआधी आठ ते बारा तास खाद्य बंद ठेवावं आणि पकडेपर्यंत पाणी चालू ठेवावं, हे सगळं पुस्तकात लिहिलेलं आहे. आजीला अक्षर येत नव्हतं.

पण आजीचं गुणगान इथंच थांबवतो, कारण पुढचं मला चांगलं आठवतंय. देवीपुढं कापायचं काम धाकट्या चुलत्याकडं, आणि त्याचा विळा शेतातला, कडबा कापून बोथटलेला. एका घावात कधी झालं नाही. दोन, कधी तीन. एकदा कोंबडा हातातून निसटून तसाच धावला आणि आम्ही पोरं हसलो. मीही हसलो. म्हणजे तेव्हा न्यायची रीत चांगली होती आणि मारायची वाईट. चाचांची सुरी पाण्यासारखी चालते, एक क्षण. पण त्यांच्या ओंडक्यापर्यंत ती कोंबडी कशी येते, ते मी पाहिलंच नव्हतं.

म्हणून मावसभावाला फोन केला. बार्शी रोडला, नान्नजच्या पुढं त्याचं पोल्ट्री शेड आहे. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि राबणं याचं. वजनावर पैसे. "लिफ्टिंग बघायचंय? दादा, बरं हाय ना?" म्हणाला. लिफ्टिंग म्हणजे वाढलेले पक्षी धरून गाडीत भरणं. "शुक्रवारी रात्री ये. जेवून ये मात्र, इथं जेवण जाणार न्हाई."

जाताना नान्नजच्या माळरानावरून गेलो. चांदणं होतं. माळढोकासाठी १९७९ पासून हे अभयारण्य आहे. एकेकाळी तिथं मनोऱ्यावर बसून, दुर्बिणी लावून माळढोक मोजायचे. आता एखादा दिसला तरी बातमी होते. तिथून पुढं काही किलोमीटरवर भावाच्या एका शेडात पाच हजार पक्षी होते. तेही मोजूनच दिलेले असतात, आणि मोजूनच न्यायचे असतात.

शेडच्या दारातच अमोनियाचा भपका डोळ्यांत शिरला. पायाखाली भाताचं तूस, दीड महिन्याच्या विष्ठेनं दमट होऊन घट्ट बसलेलं. भावानं दुपारीच खाद्याची भांडी वर ओढून घेतली होती, पाणी चालू होतं. मग एक सोडून सगळे दिवे बंद केले आणि मला कधी ऐकायला मिळाला नव्हता असा आवाज ऐकू आला: पाच हजार कोंबड्या हळूहळू गप्प होण्याचा. ज्या थोड्या बोलत होत्या त्यांचा आवाज चिवचिव असा होता. मी भावाला विचारलं, पिल्लं पण आहेत का इथं? तो म्हणाला, "हीच की. बेचाळीस दिवसांची हायेत. अंगानं वाढत्यात, आवाज तसाच ऱ्हातो." दोन-सव्वादोन किलोचं अंग आणि गळा पिल्लाचा. गावरान कोंबडी या वयात ओंजळीत मावते.

दीडच्या सुमाराला गाडी आली. आठ पोरं उतरली. तोंडाला रुमाल, पायांत चपला, हातांवर कोपरापर्यंत ओरखडे, जुने आणि नवे. त्यांच्यात बोलणं फार नव्हतं. वाकायचं, एकेका कोंबडीचा एकेक पाय बोटांच्या बेचक्यात अडकवायचा, एका हातात चार-पाच, दुसऱ्या हातात तेवढ्याच, उलट्या लटकवत दारापर्यंत जायचं, काट्यावर टांगायचं, मग क्रेटच्या तोंडातून आत. उलट्या झाल्या की त्या पंख झोडतात. त्यांना माणसासारखा पोट आणि छातीमधला पडदा नसतो, उलटं धरलं की आतड्यांचा आणि यकृताचा सगळा भार श्वासाच्या पिशव्यांवर येतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते माहीत असल्यामुळं मला त्यांची फडफड वेगळी ऐकू येत होती. क्रेटचं झाकण लावताना एखादा पंख, एखादा पाय बाहेर राहायचा. तो आत ढकलायला वेळ असेल तर ढकलायचे.

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण तो ठेवायला जागा सापडेना. पोरांना पैसे गाडीमागं मिळतात. ही भरली की अजून एक शेड होतं, मोहोळकडं. ड्रायव्हर सारखा घड्याळ बघत होता, आणि त्याचं कारण ऐकलं तेव्हा मी गप्प झालो. कोंबडीला घाम येत नाही. तोंड उघडून धापा टाकत राहणं हाच तिच्याकडचा मोठा उपाय. सोलापूरचा एप्रिल-मे सांगायला नको. ऊन चढायच्या आत गाडी शहरात पोचली नाही तर मधल्या क्रेटमधल्या, जिथं वारा लागत नाही त्या, उकडून मरतात. एका मे महिन्यात पंक्चरमुळं दोन तास गाडी अडकली तेव्हा भावानं म्हणे शेकड्यानं मेलेल्या काढल्या होत्या. म्हणजे पोरं घाई करतात म्हणून पाय निखळतात, आणि घाई केली नाही तर जीव जातो. घाई नेमकी कुणाच्या बाजूची आहे हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या आठांत एक पोरगा वेगळा होता. सतरा-अठराचा. तो बसायचा, दोन्ही तळव्यांत पंखांसकट एक कोंबडी धरायचा, उभी, छातीशी, मग दुसरी बगलेत. त्याच्याकडच्या फडफडत नव्हत्या. विचारलं तर म्हणाला, घरी कबुतरं आहेत, हात तसाच जातो. पण दोन-दोन न्यायचा तो, बाकीचे आठ-आठ, दहा-दहा. मुकादमानं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा आईवरून शिवी दिली. अर्ध्या तासानं मी बघितलं तेव्हा त्याच्याही बोटांत पाय होते. चार या हातात, चार त्या.

आणि मी. नुसता उभा आहे म्हणून भाऊ म्हणाला, "दादा, चार तू पण घाल की, हात लागू दे." मी वाकलो. आधी दोन्ही हातांनी एक उचलली. पोटाखाली पिसं नव्हती, उघडी, गरम, तुसानं ओलसर झालेली कातडी, आणि तिच्यामागं काळीज इतकं भराभर चालत होतं की ते ठोके आहेत हे कळायला वेळ लागला. कुणीतरी मागून ओरडलं, "पाय धरा मालक, पाय!" मी पाय धरला. उचलली. तिनं पंख झोडला, अंग फिरलं, आणि माझ्या बोटांना तिच्या मांडीच्या वरच्या टोकाला काहीतरी सरकल्यासारखं लागलं. आवाज झाला नाही. मी ती घाईनं क्रेटमध्ये ठेवली आणि हात पँटला पुसले. भावाला काही बोललो नाही. त्या रात्री सोलापुरात जी गाडी आली, तिच्यातल्या एका कोंबडीच्या तंगडीवर रविवारी जो डाग कुणाला दिसला असेल, तो कधीचा आणि कोणत्या हाताचा, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

चहा पिताना भाऊ २०२० सालचं सांगत बसला. तेव्हा तो कंपनीशी बांधलेला नव्हता, स्वतःची बॅच स्वतः विकायचा. कोंबडीतून करोना होतो ही अफवा फेब्रुवारी-मार्चात पसरली आणि भाव खाद्याच्या खर्चाखालीही गेला. "लिफ्टिंगच आलं न्हाई," तो म्हणाला. पक्षी वाढत राहिले. तीन किलो, सव्वातीन. पाय झेपेनात, बसल्या जागी छातीला फोड आले. शेवटी गावात फुकट वाटले. "त्या टायमाला म्या रोज देवाला म्हणायचो, कुणी तरी येऊन धरून न्या रं ह्यांना. पायाला धरा न्हायतर मानंला." हे तो हसत सांगत होता.

परत आल्यावर आठवडाभरात एक गोष्ट झाली. म्हणजे झाली असं नाही, ती रोजच होते. सात रस्त्याला सिग्नलला थांबलो होतो. पुढं एक स्कूटर. हँडलच्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या आडव्या काठीला मिळून तीसेक कोंबड्या, पाय सुतळीनं बांधलेल्या, डोकी खाली. खालच्या काहींच्या माना चाकाच्या वाऱ्यानं डोलत होत्या, आणि काही मान वर वळवून उलट्या जगाकडं बघायचा प्रयत्न करत होत्या. शेजारी शाळेची रिक्षा, पलीकडं सिटी बस, कोपऱ्यावर पोलीस. कुणीच मान फिरवली नाही. मीसुद्धा हे दृश्य जन्मभर बघत आलोय आणि एकदाही फिरवलेली नाही. स्कूटरच्या आरशाएवढंच ते रस्त्याचा भाग आहे.

कायदा आहे. १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या अकराव्या कलमात हे चक्क लिहिलंय: वाहनातून असो की वाहनाशिवाय, कुठल्याही प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीनं किंवा अशा अवस्थेत नेणं हा गुन्हा. आणि प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही जिवंत जीव, त्यामुळं कोंबडी त्यात बसते का हा प्रश्न उरत नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. १९६० साली पन्नास रुपये म्हणजे काय होतं ते आमच्या वडिलांना माहीत होतं. आज पन्नास रुपयांत चाचा मला पाव किलोही देणार नाहीत.

मी चाचांना नियमांचं सांगितलं तेव्हा ते हसले. २००१ च्या कत्तलखान्यांच्या नियमात असं आहे की एका जनावराला दुसऱ्याच्या देखत कापायचं नाही. चाचांना तो नियम ठाऊक नव्हता, पण ते म्हणाले, "हे आम्हाला लहानपणीच शिकवतात. सुरी त्याच्यासमोर पाजळायची नाही. एकासमोर दुसरं कापायचं नाही. धार अशी पाहिजे की त्याला कळायच्या आत झालं पाहिजे. कापायचंच आहे तर नीट कापा, हे वरून सांगितलेलं आहे." मग त्यांनी वर बोट केलं. ओंडका आणि पिंजरा यांच्यामधे एक खिळा होता, त्याला गोणपाटाचा फाटका तुकडा लोंबत होता. पूर्वी तिथं पुरं पोतं होतं, पडद्यासारखं. ते गिऱ्हाइकांनी काढायला लावलं. "पडदा कशाला? मेलेली देताय का काय? आमच्यासमोर कापा."

यावर मला बोलता येईना, कारण समोर कापून घेणाऱ्यांत मीही आहे. आपल्याला कोंबडी जिवंत बघून घ्यायची असते. वजनकाट्यावर तिनं पंख हलवले की माल ताजा. म्हणून ती शेडपासून गाडीत, गाडीतून होलसेलवाल्याकडं, तिथून स्कूटरवर उलटी, स्कूटरवरून पिंजऱ्यात, अशी शेवटच्या फुटापर्यंत जिवंत यावी लागते. आठ-बारा तासांची उपाशी वेळ दीड दिवसावर जाते ती यामुळंच. शेडच्या जवळ कापून, थंड करून आणलेलं मी घेणार का? बायकोनं हे विचारलं. तिला यातलं काही खायचं नाही, तरी तिनं विचारलं. मी म्हटलं, बघू. त्याची चव नाही येत, हेही म्हटलं. खरं तर मी ते कधी खाल्लेलंच नाही.

मान फिरवायला मी चुकीची जागा धरली होती एवढं मात्र मला कळत होतं, आणि कळून काय करायचं ते कळत नव्हतं. खाणं सोडावं? आईनं माळ घातली ती चाळिशीत, एका दिवसात, कुणाला कारण न सांगता. मला तसं होईना. मधल्या एका रविवारी आणलं नाही, अंड्याची आमटी केली आणि जेवताना बोरमणीच्या हॉटेलातलं मटण आठवत राहिलो. असा माणूस मी.

मे महिन्यातला दुसरा की तिसरा शनिवार. संध्याकाळचे सहा, अजून अंगाला झळा लागत होत्या. देवळात तेलाची रांग, रुईच्या पानांच्या माळा विकणारी बाई, समोर नारळाच्या शेंड्यांचा ढीग. मी तेल घालून बाहेर आलो आणि डावीकडं न बघता जायचं ठरवून उजवीकडं वळणार, तेवढ्यात बघितलंच. चाचांच्या दुकानात शुकशुकाट. शनिवारी तिथं कुणी फिरकत नाही, एखादं हॉटेलचं गिऱ्हाईक सोडलं तर. पोरगा खुर्चीत झोपलेला. पिंजऱ्यात पंधरा-वीस कोंबड्या, चोची उघड्या, गळ्याखालची कातडी लकलक हलत होती. पाण्याचं भांडं होतं, त्यात पाणीही होतं. कोपऱ्यात एक बसली होती, डावा पाय बाजूला काठीसारखा पसरून. बाकीच्या तिच्यावरून पाण्याकडं जात-येत होत्या. ती उठत नव्हती.

"चाचा, ही?"

"रात्रीच्या गाडीतली. पाय गेलाय. उद्या सकाळी पहिली तिलाच घेतो."

"आत्ता घ्या की."

"आत्ता कोण नेणार? शनिवार आहे मालक." मग माझ्या कपाळावरचा शेंदूर बघून म्हणाले, "तुम्ही तर नाहीच."

मागं देवळात घंटा वाजत होती. मी खिशात हात घालून पैसे काढले. कापा, म्हटलं, तुमच्या फ्रीझरमध्ये ठेवा, उद्या नेतो. चाचांनी माझ्याकडं बघितलं, पैशांकडं बघितलं, आणि पोराला उठवलं. कोंबडी काढताना त्यांनी स्वतः हात घातला, पंखांवरून, खालून आधार देऊन; ते माझ्यासाठी होतं की एरवीही करतात, माहीत नाही. कोपऱ्यातलं एक रिकामं पोतं उचलून खिळ्याला अडकवलं. मी ओंडक्याच्या बाजूला होतो आणि या वेळी पताकेकडं बघितलं नाही. कौतुक सांगत नाही. पाय लटपटत होते. फार वेळ लागला नाही.

घरी बायकोनं विचारलं, देवळात इतका उशीर? गर्दी होती, म्हटलं.

रविवारी सकाळी पिशवी आणली, गॅलरीत पाट मांडला, पातेल्यात पाणी घेतलं. दुसऱ्या पाण्यात डावी तंगडी वेगळी काढली आणि उजेडात धरून बघितली. सांध्यापाशी डाग होता, नाण्यापेक्षा मोठा, अर्ध्या तळव्याएवढा. उलट बघितला, सुलट बघितला. गडद जांभळा होता. कडेला हिरवा यायचा होता.